रिसीटमधला मुका पी, आणि पावती लिहायची कुणी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. गुजरातच्या खरेदीदाराचे पैसे खात्यावर जमा झाले, म्हणून त्यांनी इंग्रजीत मेल लिहिला: ‘वुई आर रिसीव्हड युवर पेमेंट ऑन ट्वेल्थ मार्च. रिसीट इज अटॅच्ड. काइंडली रिसीट द सेम.’ त्यात रिसीटचं स्पेलिंग एकदा आर-ई-सी-आय-पी-टी आणि एकदा आर-ई-सी-आय-ई-पी-टी असं पडलं. शेठचा पुण्याला शिकणारा मुलगा ते वाचून हसला. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात. स्पेलिंग नक्की कोणतं? पी म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला? आणि आपण ज्या ज्या कागदाला पावती म्हणतो, त्या सगळ्यांना रिसीट म्हणायचं का?

मुलाचं हसणं मनावर घेऊ नका. मी व्यापारी इंग्रजी शिकवतो, यार्डातल्या लोकांची पत्रंही लिहून देतो, आणि हा शब्द चुकलेले कागद माझ्याकडे रोज येतात. त्यात पदवीधरांचेही असतात. तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा खरा महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन चुकांनी फार तर कुणी हसेल, तिसऱ्या चुकीनं पैसे अडकतात. पण क्रमानंच घेऊ.

स्पेलिंग असं: आर, ई, सी, ई, आय, पी, टी. पाठ करायची सोपी युक्ती म्हणजे आधी ‘रिसीव्ह’ लिहा. त्याची पहिली पाच अक्षरं जशीच्या तशी ठेवा, शेवटची व्ही आणि ई काढा, त्या जागी पी आणि टी लावा. झाली रिसीट. ज्यांचं ‘रिसीव्ह’च चुकतं त्यांनी शाळेतला नियम आठवावा: आय आधी, ई नंतर, पण सीच्या मागून येत असेल तर उलट. म्हणून ‘बिलीव्ह’, ‘फील्ड’, ‘पीस’ यांत आय-ई. आणि ‘रिसीव्ह’, ‘रिसीट’, ‘सीलिंग’, ‘डिसीव्ह’ यांत ई-आय. हा नियम शिकवताना एक अट बहुतेक शिक्षक गाळतात आणि मग मुलं गोंधळतात. त्या जोडीचा उच्चार दीर्घ ‘ई’ होत असेल तेव्हाच हा नियम लागू करायचा. ‘सायन्स’, ‘सोसायटी’, ‘एन्शंट’ यांत सीनंतर आय-ई आहे, पण उच्चार ‘ई’ नाही, म्हणजे ते शब्द नियमाच्या बाहेरच. तरी ‘सीझ’, ‘प्रोटीन’, ‘वीअर्ड’ आणि ‘स्पीशीज’ हे अपवाद राहतातच. ते पाठ करावे लागतात, इलाज नाही.

आता तो मुका पी.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ तिथला दरबार आणि कायदा फ्रेंच वळणाच्या भाषेत चालला. त्या भाषेतला ‘रिसेट’सारखा एक शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. आला तेव्हा त्यात पी नव्हता. फ्रेंचांनी तो लॅटिन ‘रेसेप्टा’वरून घेतला होता. रेसेप्टा म्हणजे घेतलेली, मिळालेली. लॅटिनात पी होता, फ्रेंचांच्या जिभेवर तो झिजून गेला होता. पुढे लॅटिनचा अभिमान असलेल्या विद्वानांना वाटलं की शब्दाचं खानदान लिहिण्यात दिसलं पाहिजे, आणि त्यांनी तो पी परत आणून बसवला. लोकांच्या तोंडात मात्र तो कधी रुळला नाही. लिखाणात पी, बोलण्यात नाही, अशी ही गंमत.

एकट्या रिसीटवर हा प्रसंग आलेला नाही. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ फ्रेंचमधून बीशिवाय आला होता, लॅटिन ‘डेबिटम’ दाखवण्यासाठी त्यात बी घातला. ‘डाउट’मधला बी तसाच. आरोप ठेवणं या अर्थाच्या ‘इंडाइट’मधला सी तसाच. ‘आयलंड’मधला एस तर सरळ चुकून आलेला आहे. तो शब्द मुळात लॅटिनच्या घरातला नव्हताच, ‘आइल’ या दुसऱ्या शब्दाशी नातं आहे असं समजून त्यात एस घुसवला गेला. माझ्या मते या विद्वानांनी पुढच्या पिढ्यांच्या पोरांना उगाच छळलं. बरं, काम तरी पूर्ण करायचं! ‘डिसीट’ म्हणजे फसवणूक आणि ‘कन्सीट’ म्हणजे घमेंड, हे रिसीटचे सख्खे भाऊ, त्याच घरातले. त्यांनाही पी लावून पाहिला गेला होता, पण तो टिकला नाही. म्हणून आज फसवणूक पीशिवाय लिहायची आणि पावती पी लावून. यात तर्क शोधू नका.

तरी त्या पीचा एक उपयोग आहे. ‘रिसेप्शन’, ‘रिसेप्शनिस्ट’, ‘रिसिपिएंट’ या शब्दांत पी ऐकू येतो. लग्नाचं रिसेप्शन सगळ्यांना माहीत आहे. तिथे पी आहे, तर त्याच घरातल्या रिसीटमध्येही लिहिताना आहे, एवढं लक्षात ठेवलं की तो गळत नाही.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो. ‘रिसीट’, जोर दुसऱ्या भागावर, ‘सी’ दीर्घ. आपल्याकडे जसं लिहिलं तसं वाचायची सवय, म्हणून यार्डात निम्म्याहून जास्त लोक ‘रिसिप्ट’ म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. हमालाला किंवा गाडीवाल्याला सुधारत बसू नका. पण बाहेरच्या पार्टीशी फोनवर बोलताना ‘रिसीट’च म्हणा, आणि सी ओढून म्हणा. तो आखूड झाला की ऐकणाऱ्याला ‘रीसेट’ वाटू शकतं. मराठीत लिहितानाही दीर्घ सी द्या.

आता अर्थाकडे येऊ. रिसीट या शब्दाचे कामाचे अर्थ दोन आहेत. एक म्हणजे मिळण्याची क्रिया, दुसरा म्हणजे ‘मिळालं’ असं लिहून दिलेला कागद. दोन्ही अर्थांत एक गोष्ट पक्की असते: बोलणारा तो, ज्याला मिळालं. देणारा कधी रिसीट लिहीत नाही. घेणारा लिहितो आणि देणारा ती जपून ठेवतो. कुठलाही कागद हातात आला की आधी विचारा, यात कुणाला काय मिळालं, आणि तसं कोण म्हणतंय? याचं उत्तर सापडलं तर ती रिसीट. नाही सापडलं तर त्या कागदाचं नाव दुसरं काहीतरी आहे.

आपल्या भाषेनं हे आधीच ओळखलंय. पावती आली ती पावणे या क्रियापदावरून. जुन्या खरेदीखतात ‘सदर रक्कम भरून पावलो’ असं वाक्य असतं. लिहून देणारा म्हणतो, मला पूर्ण मिळाली, आता तक्रार नाही. इंग्रजीतल्या ‘रिसीव्हड इन फुल’ला याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. आज आपण वैतागून ‘भरून पावलो बाबा’ म्हणतो ते याच दस्तातलं. हिंदीवाल्यांची ‘रसीद’ फारसीतून आली, तिचा मूळ अर्थ ‘पोचलं’. आपली ‘पोच’ही तीच.

पहिल्या अर्थानं, म्हणजे क्रिया म्हणून, शब्द वापरला की त्याला सहसा ‘अ’ लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. ‘ऑन रिसीट ऑफ पेमेंट’ म्हणजे पैसे मिळताच. ‘प्लीज ॲक्नॉलेज रिसीट’ म्हणजे मिळाल्याचं कळवा. ‘वुई आर इन रिसीट ऑफ युवर लेटर’ म्हणजे तुमचं पत्र मिळालं. हे शेवटचं वाक्य सरकारी पत्रांतून अजून डोकावतं. व्याकरणानं बरोबर आहे, पण जुनाट वाटतं. ‘वुई हॅव रिसीव्हड युवर लेटर’ लिहा, चार लोकांना लवकर समजेल. मला तर शंका आहे की तुमचं ‘वुई आर रिसीव्हड’ याच ‘वुई आर इन रिसीट’मधून आणि ‘आम्हाला मिळाले आहेत’ या मराठीतून मिळून तयार झालंय. ‘वुई आर रिसीव्हड’चा अर्थ होतो आमचं स्वागत झालं, पाहुणे म्हणून आम्हाला कुणी तरी घेतलं. पैसे त्यात कुठेच येत नाहीत.

तिथेच दुसरी एक चूक लपलेली आहे, आणि ती इंग्रजी माध्यमातली मुलंही करतात. तारीख लिहिली की ‘हॅव’ जातं. ‘वुई हॅव रिसीव्हड युवर पेमेंट’ बरोबर. ‘वुई रिसीव्हड युवर पेमेंट ऑन ट्वेल्थ मार्च’ बरोबर. दोन्ही एकत्र करून ‘वुई हॅव रिसीव्हड युवर पेमेंट ऑन ट्वेल्थ मार्च’ लिहिलं की चुकलं. मराठीत ‘१२ मार्चला मिळाले आहेत’ आपण सहज म्हणतो, म्हणून हे कानाला खटकत नाही.

दुसऱ्या अर्थानं, कागद म्हणून, शब्द नेहमीच्या नामासारखा चालतो. ‘अ रिसीट’, ‘टू रिसीट्स’. पुढे ‘फॉर’ येतो: ‘अ रिसीट फॉर फिफ्टी थाउजंड रुपीज’ म्हणजे पन्नास हजारांची पावती. ‘रिसीट ऑफ फिफ्टी थाउजंड रुपीज’ म्हणजे पन्नास हजार मिळणं. एका ‘ऑफ’नं कागदाची घटना होते.

त्या मिळण्याच्या तारखेवर कायद्यात बरंच काही टांगलेलं असतं. चेक न वटल्याचा अनुभव यार्डात कुणाला नाही? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ बघा. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, आणि ती नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्यानं पैसे भरायचे. दोन्ही ठिकाणी इंग्रजी कायद्यात शब्द आहे ‘रिसीट’. नोटीस कधी लिहिली किंवा कधी टाकली यावर ते १५ दिवस मोजत नाहीत, समोरच्याला कधी मिळाली यावर मोजतात. इथेच पोस्टातले दोन कागद वेगळे ओळखता आले पाहिजेत. खिडकीवर पाकीट दिलं की क्लार्क जी चिठ्ठी देतो, ती पोस्टाची रिसीट: तुमचं पाकीट पोस्टाला मिळालं. समोरच्याची सही होऊन परत येते ती पोच: पाकीट त्याला मिळालं. पहिली दाखवून ‘त्याला नोटीस मिळाली होती’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. कागद खरा असतो, पण त्यात बोलणारा वेगळा असतो.

आता दुकानातलं पावती पुस्तक उघडा. छापील मजकूर साधारण असा असतो: ‘रिसीव्हड विथ थँक्स फ्रॉम अमुक, द सम ऑफ रुपीज तमुक ओन्ली, बाय कॅश, चेक ऑर एनईएफटी, टुवर्ड्स अमुक.’ हे वाक्य कर्त्याशिवाय सुरू होतं, कारण कर्ता वर छापलेलाच आहे, म्हणजे तुमचं दुकान. ‘फ्रॉम’पुढे देणाऱ्याचं नाव. नवीन मुलं तिथे आपल्याच शेठचं नाव घालतात आणि दुकानानं दुकानालाच पैसे दिल्याचा पुरावा तयार होतो. ‘ओन्ली’ म्हणजे आपलं ‘फक्त’. अक्षरी रकमेच्या पुढे कुणी आणखी काही लिहू नये म्हणून ते लावायचं, म्हणून रकमेला चिकटूनच लिहा, मध्ये जागा सोडू नका.

‘टुवर्ड्स’ हा त्या कागदावरचा सगळ्यात दुर्लक्षित शब्द. त्याचा मराठी जोड आहे ‘पोटी’. कशापोटी? बिल नंबर अमुकपोटी, आगाऊ रकमेपोटी, मागील बाकीपोटी. ही जागा रिकामी सोडली की सहा महिन्यांनी खरेदीदार म्हणतो ते पैसे या मालाचे होते, शेठ म्हणतात मागच्या मालाचे. बिलाचे सगळे पैसे आले नसतील तर ‘इन पार्ट पेमेंट ऑफ’ लिहा, म्हणजे ‘पैकी’. कोणत्या बिलाचे ते ठरलेलं नसेल तर ‘ऑन अकाउंट’, म्हणजे खात्यावर जमा. ‘इन फुल अँड फायनल सेटलमेंट’ हे शब्द मात्र शेठनं स्वतः सांगितल्याशिवाय लिहू नका. ते आपलं ‘भरून पावलो’ आहे. भारदस्त वाटतं म्हणून प्रत्येक पावतीवर ते लिहिणाऱ्या एका कारकुनामुळे त्याच्या मालकाला बाकी वसूल करताना नाकी नऊ आले होते.

चेक घेतला असेल तर खाली ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन ऑफ चेक’, चेक वटल्यावरच पावती खरी. बहुतेक पुस्तकांत ते बारीक अक्षरांत छापलेलंच असतं, एकदा पाहून घ्या. रोख ५,००० रुपयांच्या वर असेल तर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही. भारतीय मुद्रांक कायद्यात ही मर्यादा आधी ५०० होती, २००४ साली ती ५,००० झाली. त्याच कायद्याचं कलम ३० म्हणतं की देणाऱ्यानं मागितली तर मर्यादेवरची रक्कम घेणाऱ्यानं तिकीट लावलेली पावती दिलीच पाहिजे. पुन्हा तेच: देणाऱ्यानं मागायची, घेणाऱ्यानं लिहायची.

आता यार्डातले बाकीचे कागद. इथे ‘पावती’ हा शब्द फार सैल वापरला जातो, आणि त्यावरूनच तुमचा गोंधळ झालाय.

काटा पावती ही रिसीट नाही. गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन त्यात असतं, कुणाला काही मिळाल्याचं त्यात कुणी म्हणत नाही. इंग्रजीत ‘वेमेंट स्लिप’ किंवा साधं ‘वेट स्लिप’ लिहा. बिल किंवा इन्व्हॉइस हीही रिसीट नाही. बिल म्हणजे द्या, रिसीट म्हणजे दिलेत. एकाच कागदानं दोन्ही कामं व्हायची असतील तर बिलावर ‘रिसीव्हड’ लिहून सही-शिक्का-तारीख टाकतात, त्याला ‘रिसीटेड बिल’ म्हणतात. आणि मालाआधी आगाऊ रक्कम घेतली तर जीएसटीच्या कायद्यात त्यासाठी ‘रिसीट व्हाउचर’ नावाचा वेगळा कागद आहे, तिथे नाव तसंच लिहायचं.

पट्टीचं जरा नीट समजून घ्या. शेतकरी हळद आणतो, सौद्यात ती विकली जाते, दुकान त्याला पट्टी देतं: पोती किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती पडणार. बाहेरगावच्या ऑडिटरला पाठवताना कुणीतरी याचं भाषांतर ‘रिसीट’ करून टाकतं. मग ऑडिटर विचारतो, दुकानाला हे पैसे कुणाकडून मिळाले? मिळालेलेच नाहीत, द्यायचेत! पट्टीला इंग्रजीत बरोबर शब्द आहे ‘अकाउंट सेल्स’, म्हणजे दलालानं मालकाला दिलेला विक्रीचा हिशेब. पण त्याच पट्टीच्या तळाशी शेतकऱ्यानं ‘रक्कम मिळाली’ म्हणून सही केली की त्या दोन शब्दांपुरती ती रिसीट होते, आणि ती देणारा शेतकरी असतो, दुकान नाही. एका कागदावर दोन माणसं बोलतात, वर दुकान आणि खाली शेतकरी. ती खालची सही घ्यायला विसरलात तर पैसे दिल्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही, वरचा हिशेब कितीही सुबक असो.

काही रिसीट पैशांच्या नसून मालाच्या असतात. ट्रकवाल्याची बिल्टी, म्हणजे एलआर, त्यातला आर रिसीटचाच: लॉरी रिसीट. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, एवढी पोती माझ्याकडे आली. २००७ च्या रस्ते वाहतुकीच्या कायद्यात तिला ‘गुड्स रिसीट’ म्हटलंय, पण तिचं ‘जीआर’ असं लघुरूप आपल्याकडे वापरू नका. महाराष्ट्रात जीआर म्हटलं की लोक शासन निर्णय शोधायला लागतात. वखार पावती ही त्याहून मोलाची. पूर्वी हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत जायची, आता गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजला जाते, आणि गोदामवाला म्हणतो, तुमचा एवढा माल माझ्या ताब्यात आहे. हे ‘वेअरहाउस रिसीट’. २००७ च्याच वखार कायद्यानं नोंदणीकृत गोदामांच्या पावत्या निगोशिएबल केल्या, आता त्या इलेक्ट्रॉनिक रूपात निघतात. म्हणजे माल न हलवता पावतीवर मालकी बदलू शकते किंवा ती गहाण ठेवून बँकेकडून पैसे उचलता येतात. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना हळदीला आणि बेदाण्याला लागू आहे, ती याच तत्त्वावर चालते. तासगावकडच्या बेदाणावाल्यांना हे सांगावं लागत नाही.

गणपतीच्या वर्गणीची पावती मात्र शंभर टक्के रिसीट. मंडळाला मिळाले, मंडळ लिहून देतं. दुसऱ्याच्या चुकीची ‘पावती माझ्या नावावर फाडली’ म्हणतो तेव्हा तर पैसे न घेताच फाडलेली असते, ती इंग्रजीत नेऊ नका.

अनेकवचनी ‘रिसीट्स’ हिशेबात आलं की अर्थ थोडा सरकतो: जमा. संस्थांचे ‘रिसीट्स अँड पेमेंट्स’ खाते म्हणजे जमा-खर्च, वर्षभरात रोखीनं आणि बँकेत काय आलं, काय गेलं. आलेली प्रत्येक रक्कम उत्पन्न नसते. घेतलेलं कर्ज आणि ठेवीही त्यात जमेलाच येतात. ‘ग्रॉस रिसीट्स’ म्हणजे नफा असं समजून फॉर्म भरणाऱ्यांनी सीएला विचारून मगच भरावा.

ताईंनी विचारलेलं नाही, पण वर्गात कुणी ना कुणी विचारतंच: रिसीट आणि रेसिपी यांचं नातं आहे का? आहे, सख्खं. रेसिपी म्हणजे लॅटिनमध्ये ‘घे’ अशी आज्ञा. वैद्य चिठ्ठीच्या डोक्यावर ते लिहायचे आणि पुढे काय काय घ्यायचं त्याची यादी. मिरजेला दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आर-एक्ससारखी जी खूण दिसते, ती या ‘घे’चंच लघुरूप. इंग्रजीत औषधाच्या आणि पुढे स्वयंपाकाच्या कृतीलाही आधी रिसीटच म्हणत. जुन्या इंग्रजी घरांत ‘रिसीट बुक’ म्हणजे पाककृतींची वही असायची. आज तसं म्हटलं तर कुणाला कळणार नाही, पण जुन्या पुस्तकात ‘लोणच्याची रिसीट’ दिसली तर ती दुकानातली पावती समजू नका.

नव्या अर्थांपैकी दोन रोजच्या वापरात आलेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘रीड रिसीट्स’ असतं, त्या निळ्या खुणा. २०१४ पासून त्या आपल्या मानेवर बसल्या आहेत: वाचलंस, मग उत्तर का नाही? आणि पोरं आता ‘रिसीट्स’ पुरावा या अर्थानं म्हणतात, स्क्रीनशॉट वगैरे. २००२ साली व्हिटनी ह्यूस्टन या अमेरिकन गायिकेनं टीव्हीवरच्या मुलाखतीत ‘मला पावत्या बघायच्या आहेत’ अशा अर्थाचं म्हटलं होतं, तिथून ते लोकांच्या तोंडी बसलं असं मानतात. घरात बोला, पार्टीला लिहू नका.

राहिलं तुमचं तिसरं वाक्य, ‘काइंडली रिसीट द सेम.’ रिसीट क्रियापद म्हणून आहे, पण व्यापारात त्याचा नेहमीचा अर्थ ‘पैसे मिळाल्याचं बिलावर लिहून देणे’ असा. तुम्हाला म्हणायचं होतं ‘पावती मिळाल्याचं कळवा’. तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ होतो, आमच्या पावतीवर तुम्ही पैसे मिळाल्याची सही करा. पैसे त्यांनी दिलेत, सही त्यांनी का करायची? आणि ‘द सेम’ तर काढूनच टाका. वस्तूचं नाव लिहायला दोन शब्द जास्त लागतात, तेवढे लिहावेत.

दुरुस्त केलेला मेल असा: ‘वुई रिसीव्हड युवर पेमेंट ऑफ रुपीज अमुक ऑन ट्वेल्थ मार्च, टुवर्ड्स बिल नंबर तमुक. आवर रिसीट फॉर द अमाउंट इज अटॅच्ड.’ इथेच थांबलं तरी चालेल. पोच हवीच असेल तर ‘प्लीज ॲक्नॉलेज रिसीट ऑफ धिस मेल.’ पाठवण्याआधी जोडलेल्या फाइलचं नावही वाचा, कारण चुकीचं स्पेलिंग बहुतेक वेळा तिथेच राहून जातं. आणि पावती पुस्तकांची पुढची ऑर्डर देताना प्रेसवाल्याकडून प्रूफ मागवा. तो मागच्याच नमुन्यावरून छापतो. शीर्षकात सीनंतर आय-ई पडलं असेल तर ते छपाईच्या आधीच सापडलेलं बरं, नाहीतर वर्षभर तेच पुस्तक फाडत बसावं लागेल.